पिकअप रिमॅप करावी का? (बीएस ६, भाड्याची गाडी, कुंभार्ली घाट)

द्राक्षबाग (तासगाव)

मंडळी, सल्ला हवाय. घरची अडीच लिटर डिझेल पिकअप आहे, बीएस ६ (प्रदूषणाचे नवे नियम), १.७ टन पासिंग (कागदावर मंजूर माल). वॉरंटी दिवाळीपर्यंत. सीझनला द्राक्षं वाशीला, मग बेदाण्याचे बॉक्स, आणि मधल्या काळात जे भाडं मिळेल ते. सध्या चिपळूणहून जांभा चिरा आणतोय, पाटण-कराडमार्गे. पोफळी सोडली की गाडी दम टाकते. ज्या वळणांना पूर्वी तिसरा गिअर चालायचा तिथं आता दुसरा टाकावा लागतो, मागं एसटी हॉर्न मारत राहते.

धाकट्या भावानं पुण्याच्या एका रिमॅपवाल्याशी (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणारा) बोलणं केलंय. ७५ एचपीची ९५ करून देतो म्हणतो, टॉर्क (चाक फिरवायची ओढ) २० टक्के जास्त, ॲव्हरेज पण वाढणार. "ईजीआर बंद आणि डीपीएफ काढायचा असेल तर त्याच पैशात." (ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व, डीपीएफ म्हणजे काजळीची जाळी, दोन्ही प्रदूषण कमी करायला.) पंचवीस हजार सांगितलेत. आबा म्हणतात कंपनीनं केलंय ते विचार करून केलंय, हात लावायचा नाही. भाऊ म्हणतो आबांना मोबाईलचं चार्जिंग पण रात्रभर लावू वाटत नाही, त्यांना काय विचारायचं.

कुणी भाड्याच्या गाडीला करून घेतलंय का? हौसेच्या गाडीचं नको, रोज माल वाहणाऱ्या गाडीचं सांगा.

क्रॉसवाला (वाई)

माझी हौसेचीच आहे, तरी सांगतो. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता नुसता प्रोग्रॅम बदलून) करून घेतलंय. पसरणी घाटात ओव्हरटेक करताना आता खालचा गिअर शोधावा लागत नाही. इंजिनला काही झालेलं नाही.

तुमचं गणित बघा. माझ्या १.९ लिटरमधून कंपनी स्वतः १६३ पीएस आणि ३६० एनएम देते. तुमचं इंजिन अडीच लिटरचं आणि ७५ एचपी. म्हणजे आत किती शिल्लक ठेवलंय! कंपनीला राजस्थानचा उन्हाळा, हिमाचलची उंची, खेड्यातलं डिझेल, सगळं धरून एकच फाइल (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम) टाकायची असते. रिमॅपवाला ती शिल्लक तुम्हाला देतो, जादूटोणा काही नाही.

फक्त दोन गोष्टी. ट्यूनिंग बॉक्स (बाहेरून वायरला जोडायची डबी) घेऊ नका, फाइलच लिहून घ्या. आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवल्याशिवाय करू नका.

माणदेशी (दहिवडी)

आमच्या पाव्हण्यानं केलती. पयले पंधरा दिस राजा. मग क्लच प्लेट. मग प्रेशर प्लेट. मग सेंटर जॉइंट. आता गाडी हाय तशीच हाय, पाव्हणा बारीक झालाय.

घाटरस्ता (कराड)

क्रॉसवाले, त्याच कंपनीची माल वाहायची एस-कॅब बघितलीत का? अडीच लिटर इंजिन, ७८ पीएस, १७६ एनएम. तुमच्या गाडीपेक्षा मोठं इंजिन आणि निम्म्याहून कमी ताकद, एकाच शोरूममध्ये. त्यांना १६३ काढता येत नव्हते म्हणून नाही. ती गाडी दिवसभर भरून, पूर्ण ॲक्सिलेटर दाबून, वर्षानुवर्षं चालणार हे धरून बनवलीय. तुमची पसरणीत दोन मिनिटं फुल दाबली जाते आणि मग पाचगणीला चहा. तुलना तिथंच संपली.

निवृत्त टेस्टबेड (सांगली)

डिझेल इंजिनच्या कारखान्यात टेस्ट बेडवर नोकरी झाली माझी, त्यामुळे सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

रिमॅपमध्ये नक्की काय होतं ते आधी समजून घ्या. गाडीच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) तक्ते असतात: किती आरपीएमला, किती ॲक्सिलेटरला, किती डिझेल, कधी, रेलमध्ये (नोजलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) किती प्रेशर ठेवून फवारायचं, टर्बोनं किती हवा भरायची. त्यावर दोन-तीन पहारेकरी असतात. एक टॉर्कची कमाल मर्यादा बघतो, एक धुराची मर्यादा बघतो, म्हणजे हवा कमी असेल तर डिझेल वाढू देत नाही. रिमॅप करणारा तक्ते बदलतो. चांगला माणूस हवा आणि डिझेल दोन्ही बेतानं वाढवतो आणि पहारेकरी जागेवर ठेवतो. वाईट माणूस डिझेल वाढवतो आणि पहारेकऱ्याला सुट्टी देतो. दोघांचेही पहिल्या दिवशी घाटात सारखेच कौतुक होते.

आता मुख्य मुद्दा, जो पेट्रोलवाल्यांच्या उलट आहे. पेट्रोल इंजिनमध्ये पेट्रोल कमी पडलं की तापमान चढतं. डिझेलमध्ये डिझेल जास्त झालं की चढतं. काळा धूर म्हणजे हवा पुरली नाही, उशिरापर्यंत जळत राहिलं, आणि ती आग सिलिंडरमधून टर्बोपर्यंत गेली. पिस्टन अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच खाली ते मऊ पडायला लागतं. ज्वाला त्याहून कितीतरी गरम असते, तरी पिस्टन टिकतो कारण खालून तेलाचा फवारा, बाजूनं रिंगांतून लायनरला आणि पाण्याला उष्णता जाते. ही उष्णता बाहेर काढायची सोय ठरावीक ताकदीसाठी केलेली असते. ७५ एचपीसाठी जो रेडिएटर, जो इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), जो ऑइल कूलर, तोच ९५ ला वापरणार.

टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान थोडा वेळ ७५० ला गेलं तर मी घाबरणार नाही. भरलेली गाडी सलग चढावर असताना ७०० च्या खाली राहायला हवं, हा जुना आणि सावध आकडा आहे. हौसेच्या गाडीला तिथं पोचायला वेळच मिळत नाही, ॲक्सिलेटर आधीच सुटतो. चिरा भरलेली गाडी पोफळीपासून वरपर्यंत तापतच जाते. म्हणून एकच फाइल एका गाडीत दहा वर्षं चालते आणि दुसरीचा पिस्टन एका उन्हाळ्यात फाटतो. आणि हो, ट्यूनिंग डिसेंबरात करून घेतलं तर मे महिन्यात परत मीटर बघा. सांगलीची दुपार ४० अंशांची असते, इंटरकूलरला थंड हवा मिळत नाही.

दुसरं, टॉर्क कुठं वाढवला ते विचारा. १४००-१५०० आरपीएमला वाढवलेला टॉर्क चालवायला सगळ्यात गोड लागतो आणि कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट, क्लच यांना सगळ्यात कडू. २००० च्या पुढं थोडा वाढवला तर इंजिन सहन करतं. रिमॅपवाला "खालूनच उचलते बघा" असं म्हणाला तर माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

ट्यूनिंग बॉक्सबद्दल क्रॉसवाल्यांशी सहमत. बरेचसे बॉक्स रेल प्रेशरच्या सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला सांगतात. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, ती वाढवते. म्हणजे ईसीयू समजते त्याहून जास्त डिझेल जातं. गंमत अशी की मीटरवरचं ॲव्हरेज ईसीयू स्वतःच्या हिशोबानं काढते, म्हणून बॉक्स लावल्यावर स्क्रीनवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं आणि पंपावर तेवढंच किंवा जास्त डिझेल बसतं. टाकी फुल ते फुल मोजल्याशिवाय कुणाच्याही ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नये, माझ्या जावयाच्या तर मुळीच नाही.

आणि शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं. द्राक्षबाग, तुम्ही लिहिलंय "पूर्वी तिसऱ्यात जायची". म्हणजे ही ताकद गाडीत होती. ती कुठं गेली हे न शोधता वरून नवी ताकद ओतायची?

क्रॉसवाला (वाई)

काका, हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी तुम्ही लोकांना जरा जास्तच घाबरवता. पिस्टन फाटलेल्या गाड्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, नीट चालणाऱ्या गाड्यांचा मालक फोरमवर येऊन "आज काही झालं नाही" असं लिहीत नाही.

निवृत्त टेस्टबेड (सांगली)

हे मात्र बरोबर बोललात.

लेक फलटणची

आमच्या घरी गाड्यांचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून नुसतं पैशाचं बोलते.

गाडी आणि माल मिळून सव्वातीन टन धरा, चढ ६ टक्के धरा. ४० च्या वेगानं चढायला साधारण ४० एचपी लागतात. ६० च्या वेगानं चढायचं तर ६५-७०. (भाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून तपासून घेतलं. उतार-चढावाचं बळ, टायरचं घर्षण, हवा, गिअरबॉक्समध्ये जाणारं, सगळं धरून.) म्हणजे ७५ एचपीची धडधाकट गाडी असा चढ तिसऱ्यात चढायला हवी. ती चढत नसेल तर एकतर चढ त्याहून खडा आहे, किंवा माल पावतीवर लिहिलाय त्याहून जास्त आहे, किंवा काकांनी म्हटलं तसं ७५ मधले काही कुठंतरी गळतायत.

आता समजा रिमॅप केली आणि २० टक्के वेग वाढला. १० किलोमीटरचा चढ ४० नं पंधरा मिनिटांत, ४८ नं साडेबारा मिनिटांत. वाचली अडीच मिनिटं. पुढं एक भरलेला ट्रक असला तर तीही नाहीत, आणि कुंभार्लीत पुढं ट्रक नसतो असा दिवस मला तरी आठवत नाही. या अडीच मिनिटांमुळं दिवसाला एक खेप जास्त होणार आहे का? नसेल तर पंचवीस हजार कुठून वसूल करायचे ते भावाला कागदावर मांडायला सांगा. क्लचचा सेट, तो बदलेपर्यंत गाडी उभी राहण्याचं नुकसान, आणि ड्रायव्हरचा पगार तर चालूच. द्राक्षाच्या सीझनला गाडी दोन दिवस उभी राहिली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, माल बागेत थांबत नाही.

हळदपेठ (सांगली)

ताई, आमच्याकडं हिशोबाला याल का? :)

कोरेगावचा मिस्त्री

काकांनी आणि ताईंनी जे म्हटलं तेच गॅरेजच्या भाषेत सांगतो. गाडी ओढत नाही म्हणून येणाऱ्या पिकअपला आधी खालच्या गोष्टी बघतो.

एअर फिल्टर. चिऱ्याच्या खाणीतली लाल धूळ फिल्टर कधी खाते ते कळत पण नाही, किलोमीटरवर जाऊ नका, उघडून बघा. डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. इंटरकूलरचे रबरी पाइप: क्लिपाजवळ तेलकट ओल दिसली, किंवा चढावर शिट्टीसारखा आवाज आला, की समजा टर्बोची हवा वाटेतच सुटतीय. हे फार गाड्यांत सापडतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. टर्बोच्या ॲक्च्युएटरचा व्हॅक्यूम पाइप, तो तडकला की टर्बो झोपला. मागचे ब्रेक धरून राहतायत का, चार किलोमीटर चालवून ड्रम हाताला किती गरम लागतात बघा. क्लच: चौथ्या गिअरात चढावर पूर्ण दाबा, आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच सरकतोय, अशा क्लचवर रिमॅप म्हणजे पैसे जाळणं. नोजलच्या रिटर्नची बाटली टेस्ट (नोजलमधून परत येणारं डिझेल बाटल्यांत मोजायचं), चारही बाटल्यांत सारखं डिझेल यायला हवं.

आणि टायर! मालकानं मोठे टायर टाकले असतील तर सगळे गिअर आपोआप लांब झाले. मग गाडी ओढत नाही म्हणून इंजिनला दोष.

एवढं करून कंपनीची ७५ एचपी चाकापर्यंत पोचली, तरी कमी पडतायत असं वाटलं, तर रिमॅपचा विचार करा. माझा स्वतःचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो लॉग न दाखवणाऱ्यांना. मूळ फाइलची कॉपी मालकाला देणार का, आधी-नंतरचे रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि तापमान यांचे आकडे देणार का, एवढं विचारा. दहात आठ जण विषय बदलतात.

माणदेशी (दहिवडी)

मिस्त्री, डीपीएफ काढायचं काय? हितं लई जण काढत्यात. चोकप झाला की शोरूमवाला मोठ्ठा आकडा सांगतो.

कोरेगावचा मिस्त्री

सांगतो. यावर माझं मत कडक आहे, आधीच माफी.

डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी. अडलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्याला एक्झॉस्ट ५५०-६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी गाडी उशिरा जादा डिझेल फवारते. तुम्ही गावात-बाजारात पाच-पाच मिनिटं चालवून गाडी बंद केली की हे जाळणं अर्धवट राहतं. परत सुरू, परत अर्धवट. त्यातलं काही डिझेल लायनरवरून खाली तेलात उतरतं. म्हणून बीएस ६ गाडीत डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे, तेल पातळ झालंय, बेअरिंगला धोका आहे. असं तेल ताबडतोब बदला.

दुसरं, तेल कोणतं घातलंय. जुन्या गाडीचा उरलेला डबा बीएस ६ ला ओतला तर त्यातली राख जाळीत बसते आणि राख कधीच जळत नाही. काजळी जळते, राख नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला कमी राखेचा ग्रेडच घाला.

डीपीएफ वारंवार भरतोय म्हणजे इंजिन काजळी जास्त करतंय: नोजल टपकतंय, हवा गळतीय, ईजीआर अडकलाय, टर्बो तेल सोडतोय. जाळी काढली की हा आजार लपतो, जात नाही. आणि रिमॅप करून डिझेल वाढवायचं पण जाळी ठेवायची, तर ती आणखी लवकर भरते. म्हणून रिमॅपवाला स्वतःहून म्हणतो "डीपीएफ काढून देतो." फुकटात का देतो ते आता कळलं?

मिरजकर वकील

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या मानकांचा भंग होत असेल तर कलम १९०(२): पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र.

लगेच कुणीतरी म्हणेल की पीयूसीत काही सापडत नाही. अर्धं खरं आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत, म्हणून ईजीआर बंद केलेली गाडी तिथून हसत बाहेर पडते. डीपीएफ काढलेली तेवढी सहज पडत नाही. बीएस ४ ला धुराची मर्यादा १.६२ होती, बीएस ६ ला ०.७ आहे. आणि भाड्याच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी फिटनेस आहेच.

माझी खरी काळजी दंडाची नाही. अपघाताची आहे. सर्व्हेअरनं अहवालात "अनधिकृत बदल" लिहिलं की स्वतःच्या गाडीचा क्लेम लटकतो. समोरच्या माणसाची भरपाई विमा कंपनीनं आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी असे आदेश न्यायाधिकरणं देतात. ती रक्कम लाखांत असते, तिथं बाग विकावी लागते.

वॉरंटीबद्दल: फाइल परत मूळ केली की कळत नाही हा गैरसमज आहे. बऱ्याच ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं त्याची नोंद राहते, कंपनीच्या स्कॅनरला ती दिसते.

घाटरस्ता (कराड)

वकीलसाहेब, ओव्हरलोडचं पण सांगून टाका. सगळे त्याला टाळून बोलतायत.

मिरजकर वकील

कलम १९४. २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्च मालकाचा.

द्राक्षबाग (तासगाव)

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, बाग विकायचं ऐकून आबांना वाचून दाखवायचं धाडस झालं नाही.

खरं सांगायचं तर माल पासिंगच्या थोडा वर असतो. सगळ्यांचाच असतो. चिरेवाला नगावर भरतो, किलोवर नाही, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पितो. म्हणूनच मागच्या वर्षी मागच्या स्प्रिंगला दोन-दोन पाटे वाढवून घेतले. त्यामुळे गाडी बसत नाही आता.

घाटरस्ता (कराड)

थांबा. पाटे वाढवले? मग रिमॅप राहू द्या बाजूला, आधी हे वाचा. इतका वेळ सगळे चढावर बोलले. माझा धंदा कोकणात उतरायचा आहे, मी उतारावर बोलतो.

मागच्या हाउसिंगजवळ (ॲक्सलच्या कवचाजवळ) वाका. चॅसीला एक व्हॉल्व बसवलेला आणि त्यातून एक सळी हाउसिंगपर्यंत गेलेली दिसते का? बऱ्याच पिकअपना असते. तिचं काम असं: माल भरला की गाडी मागं बसते, सळी हलते, व्हॉल्वला कळतं की गाडी भरलीय, तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असताना मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये म्हणून प्रेशर कमी ठेवतो. तुम्ही पाटे वाढवले, गाडी बसायची थांबली. म्हणजे हौद्यात दोन टन आहेत आणि व्हॉल्वला वाटतंय गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतायत, सगळा भार पुढच्या डिस्कवर. उतारावर त्या तापल्या की पेडल स्पंजसारखं होतं आणि मग देवाचं नाव.

चिरा आणताना तुम्ही भरून चढता, म्हणून अजून कळलं नसेल. पण द्राक्षं घेऊन वाशीला जाता तेव्हा बोरघाट भरून उतरता ना? रिमॅपनं चढाला ताकद मिळेल. उतारावर इंजिनचा ब्रेक तेवढाच राहतो, ड्रम तेवढेच, लायनिंग तेवढंच. फक्त ड्रायव्हरला सवय लागते की गाडी पळते.

सळीचं सेटिंग पाट्यांच्या हिशोबानं शोरूममध्ये बदलून घ्या, नाहीतर पाटे काढा. कुणा मिस्त्रीनं ती सळी तारेनं वर बांधून दिली असेल (मी बघितलंय) तर रिकाम्या गाडीत पावसात ब्रेक मारताना मागची बाजू पुढं येईल.

कोरेगावचा मिस्त्री

हे फार महत्त्वाचं लिहिलं. माझ्या यादीत राहून गेलं होतं.

क्रॉसवाला (वाई)

मी पण आत्ता जाऊन वाकून बघून आलो. :) एक शंका काकांना: महाबळेश्वरला वर गेल्यावर माझा टर्बो जास्त आवाज करतो असं वाटतं. भास आहे का?

निवृत्त टेस्टबेड (सांगली)

भास नाही. साडेतेराशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ भागांत एक भाग विरळ असते. तेवढाच बूस्ट द्यायचा तर टर्बोला जास्त फिरावं लागतं. मूळ फाइलमध्ये उंचीनुसार बूस्ट कमी करायचा तक्ता असतो. तुमच्या रिमॅपवाल्यानं तो तसाच ठेवलाय की सपाट केलाय ते विचारून घ्या. आणि घाट चढून वर आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, टर्बोच्या शाफ्टवरचं तेल जागच्या जागी जळतं नाहीतर.

क्रॉसवाला (वाई)

विचारलं. "काही होत नाही सर" असं उत्तर आलं. आता मलाच झोप येणार नाही.

हळदपेठ (सांगली)

आज काही झालं नाही, असं रोज इथं लिहीत जा.

द्राक्षबाग (तासगाव)

उशिरा लिहितोय, बागेत छाटणी चालू होती.

गाडी दाखवली. इंटरकूलरचा खालचा पाइप क्लिपाशी चिरलेला निघाला, मिस्त्रींनी लिहिलं होतं तशीच तेलकट ओल. फिल्टर झटकला तर वीटभट्टी निघाली. क्लच अजून ठीक आहे म्हणाले. पाइप आणि फिल्टर मिळून जे बिल झालं त्यात रिमॅपवाल्याच्या टोकनची रक्कम पण भरली नसती. काल कुंभार्ली चढलो, बहुतेक वळणं तिसऱ्यात गेली, वरची दोन खडी वळणं अजून दुसऱ्यातच.

सळी बघितली. तारेनं बांधलेली नव्हती, पण सेटिंग मूळचंच होतं. शोरूमवाल्यानं पाटे बघून आधी मलाच चार शब्द ऐकवले आणि मग म्हणाला की वाढीव पाट्यांवर सेटिंग करून देणार नाही, एकतर पाटे काढा. एक-एक पाटा काढलाय, दुसऱ्यावर घरात चर्चा चालू आहे.

भावानं पुण्याला फोन करून लॉग आणि मूळ फाइलचं विचारलं. पहिल्यांदा "हो देतो ना" म्हणाला, दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. भावाचं म्हणणं की दिवाळीनंतर वॉरंटी संपली की दुसरा कुणीतरी बघू. त्याला म्हटलं आधी तापमानाचा मीटर बसवू, आहे त्या फाइलवर घाटात किती दाखवतो ते बघू. आत्ताच साडेसहाशे दाखवत असेल तर विषय तिथंच संपला. क्रॉसवाले, तुमचा मीटर कोणता आणि प्रोब कुठं बसवलाय? मॅनिफोल्डला भोक पाडायला मिस्त्री तयार नाही.

क्रॉसवाला (वाई)

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवून पाडायचं, जागेवर नाही. बीड (ओतीव लोखंड) फार कडक असतं, बुरादा टर्बोत गेला तर पाती गेली. वेळ लागतो, पण टर्बोच्या नंतर लावलेला मीटर शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो आणि खोटा धीर देतो. कराडला माझ्या ओळखीचा लेथवाला आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

लेक फलटणची

काल कुंभार्ली चढलात तेव्हा माल किती होता?

द्राक्षबाग (तासगाव)

पासिंगएवढा.

लेक फलटणची

पावतीवर की काट्यावर?

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, काट्यावर नेली असती तर अजून दोन वळणं तिसऱ्यात गेली असती बहुतेक. पुढच्या खेपेला नेतो.